बेसिनमागची भिंत

रूपाला वाशीमच्या टाइल्सच्या दुकानात नेलं ते भिंत पसंत करायला. सगळी भिंतही नाही, बाथरूममधल्या बेसिनच्या मागची तेवढी, हातभर उंच नि दोन हात रुंद. पण तिच्या जिवाला ती केवढी होती म्हणून सांगू! एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी काही पसंत करायला सांगितलंच नव्हतं. नवरासुद्धा बापानंच पसंत केला होता, आणि तो असा निघाला की दोन वर्षांत ती माहेरी परत आली.

तेव्हापासून रिठदला बापाच्या मळ्यात राबत होती. उजाडायच्या आत मेथी उपटायची, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या, आणि धाकट्या भावानं, भागवतानं, त्या बाजारात न्यायच्या. भागवत बोलायला गोड, इतका गोड की मुंग्या लागाव्यात. बाप गेल्यावर घर बांधायचं ठरलं, तसा त्यानं हक्कसोडीचा विषय काढला. ताई, तू सही करून दे, म्हणजे जमीन एका नावावर होते. मागची खोली तुझीच, अटॅच बाथरूमसकट. आता सगळ्याच बहिणी करतात सही. साडीचोळी घेतात, डोळे पुसतात अन् आपापल्या घरी जातात. हिला जायला घर नव्हतं, एवढाच फरक, पण तो कोण ध्यानात घेतो? कचेरीतल्या बाबूनं बिचाऱ्यानं विचारलं होतं, बाई, खोलीचं काही लिहून घ्यायचं का? रूपाच लाजली. पाठच्या भावाकडून कागद लिहून घ्यायचा म्हणजे राखी बांधून पावती मागण्यासारखं. नाही म्हणाली अन् सही करून मोकळी झाली. त्या भोळेपणाला काय म्हणावं!

तर ती भिंत. दुकानदार उदयसिंग एकेक टाइल उजेडात धरून दाखवत होता. भागवताच्या बायकोनं, तनुजानं, आपल्या वरच्या बाथरूमसाठी पांढरी, सोनेरी वेलीची टाइल आल्या आल्या निवडून टाकली. रूपाला मात्र तास लागला. तिनं टाइलवर ओला हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं, भिंतीला टेकवून लांबून पाहिलं. मळ्यातून आलेल्या हातांची काळी माती, मेथीचा हिरवा डाग, सगळं त्या भिंतीवर उडणार होतं, म्हणून तिला मातकट रंगाची, बारीक ठिपक्यांची हवी होती. मनानं तर ती कधीचीच त्या खोलीत राहायला गेली होती. दार लावून घ्यावं, कुणाला न विचारता सावकाश तोंड धुवावं, आरशात पाहून केस विंचरावेत, एवढंच तिचं सुख. यात कुणाचं काय जात होतं, सांगा मला.

शेवटी एक सापडली. ज्वारीच्या भाकरीच्या रंगाची, वर करडे ठिपके. हाताला माती लावून पुसली तरी डाग दिसेना. तनुजानं नाक मुरडलं, पण भागवत लगेच म्हणाला की इथं ताईच्या मनासारखंच होणार. रूपाचा ऊर भरून आला. तिनं ती टाइल लेकरासारखी छातीशी धरली.

उदयसिंगनं माणसाला पेट्या काढायला सांगितल्या आणि सहज बोलून गेला.

"बराबर निवडली बाईनं. किरायदाराच्या खोलीले हेच चालते. कोनीबी वापरा, डाग दिसत नाही."

रूपा आधी हसलीच. तिला वाटलं, दुकानदाराची काहीतरी गफलत झाली. तिनं भागवताकडे पाहिलं. तो एका पेटीवरची धूळ बोटानं पुसत होता.

मग हळूहळू, गोड गोड, सगळं बाहेर आलं. शाळेवर बदलून आलेले एक सर दिवाळीपासून मागची खोली किरायानं घेणार होते. शब्द दिला होता त्यांना. ताई तर दिवसभर मळ्यातच असते, मग मळ्यातली मोटारपंपाची खोली काय वाईट? वरची टिनं नवी टाकून देतो, लाइट आहे, पाणी तर दाराशी. आणि टाइल पसंत करायला तिलाच आणलं की नाही? तिच्यावाचून घरातलं पान तरी हललं का? वा रे वा! तोंडाला पानं पुसावीत ती अशी.

रूपाला रडू आलं नाही, संताप आला, आणि आधी स्वतःचाच आला. तासभर आपण दुसऱ्याच्या भिंतीवर हात फिरवत बसलो, अन् हे दोघं उभ्यानं बघत होते. एकालाही तिचा हात धरावासा वाटला नाही.

"मंग मले कायले इचारलं?" तिनं विचारलं.

"तुले बरं वाटावं म्हनून," भागवत म्हणाला. "घरातली मोठी तूच हायेस."

तिनं छातीशी धरलेली टाइल काउंटरवर ठेवली.

"ही नोको लावू तिथं. दुसरी कोनतीबी लाव. माह्या पसंतीची मी माह्या घरी लावीन."

तनुजा मोबाइलमध्ये बघायला लागली. उदयसिंगनं पेट्या उचलणाऱ्याला थांबायची खूण केली. भागवतानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. टोमणा असता तर ती चार लोकांत त्याच्याशी भांडली तरी असती.

"कोनतं घर, ताई?" त्यानं विचारलं.