कुत्र्याच्या चित्राखालची नोटीस

मी जमीन कचेरीच्या ओसरीवरचा नोटीस बोर्ड. दमलोय हो, पण आज बोलल्याशिवाय राहवत नाही.

एका सुताराने उरलेल्या फळ्या जोडून मला बनवलं, वर हिरवं कापड ताणलं आणि पश्चिमेकडे तोंड करून टांगलं. दुपारचं सगळं ऊन माझ्याच अंगावर. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला हौस नाही. लोकच आपल्या भानगडी माझ्या छातीवर टोचून जातात. वाटण्या, लिलाव, हरवलेली गाय. मला सगळं ठाऊक असतं, पण विचारतं कोण?

मग तेल आलं. म्हणजे, जमिनीखाली आहे असं एक कंपनी म्हणाली. पाठोपाठ नवा कायदा आला. तेल-वायूसाठी भाडेपट्टा द्यायचा असो की भोक पाडायचा परवाना, आधी नोटीस तीस दिवस सगळ्यांना दिसेल अशी लावायची. कुणाची हरकत असेल तर त्याने तेवढ्यात सांगायची. मला वाटलं, चला, म्हातारपणी मान मिळाला!

कसला मान! कारकुनाने पहिली नोटीस लावली आणि दुसऱ्याच दिवशी जागा नाही म्हणून तिच्यावर कुत्र्यांच्या लसीकरणाचा कागद टोचला. वर कुत्र्याचं मोठं चित्र. माणूस वाईट नव्हता, घाईतला होता. तीस दिवस भरल्यावर त्याने रजिस्टरात सही ठोकली.

तीन दिवसांनी कंपनीची माणसं ओढ्याकाठच्या लॉन्ड्रीवालीच्या मागच्या अंगणात खुंट्या ठोकायला लागली. तिच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर. त्या पाण्यावर तिचं घर, तिचा धंदा. ती ओल्या हातांनीच कचेरीत कारकुनाकडे आली.

"अण्णा, नोटीस कुठाय?"

"बोर्डावर आहे की, ताई. तीस दिवस होती. मुदत संपली."

तिने ओसरीवर येऊन माझ्यावरचा कुत्र्याचा कागद उचलला. खाली नोटीस!

"साहेब, जरा बाहेर या!" ती ओरडली. "माझा जन्म कपडे वाळत घालण्यात गेला. उन्हाने काय होतं ते मला शिकवू नका. हा कुत्रा बघा, कावीळ झाल्यासारखा पिवळा. आणि ही नोटीस? पांढरीफटक! एका कडेची करंगळीएवढी पट्टी तेवढी पिवळी पडलीय. तेवढीच दिसत होती. एवढ्यात मी काय वाचू?"

साहेबांनी चष्मा पुसला, कागद जवळून पाहिला. कारकून जमिनीकडे बघत राहिला.

"पुन्हा लावा," साहेब म्हणाले. "आजपासून तीस दिवस. आणि बोर्डाला काचेचं दार बसवा, कुलूपही."

तिने हरकत घेतली. सुनावणीत कळलं की कंपनीच्या नकाशात तिची विहीर दाखवलेलीच नव्हती. परवाना नाकारला, खुंट्या उपटल्या. ती रडली, मग कारकुनालाच म्हणाली, "जा, चहा पी. तोंड बघ किती उतरलंय तुझं."

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने झोपलो असतो. पण कंपनी काही परत गेली नाही, नुसती ओढ्यापलीकडे सरकली. आता काचेआड नवी नोटीस आहे, शिंप्याच्या परसामागच्या जागेची. त्याच्याही परसात विहीर आहे आणि नकाशात तीही नाही. लॉन्ड्रीवाली आता माझ्याकडे बघत नाही. तिचं काम झालं. राग नाही हो माझा, सगळे असेच.

आणि शिंपी? तो रोज सकाळी माझ्यासमोर उभा राहतो. काचेत बघून भांग पाडतो. नोटिशीतला त्याच्या घराचा नंबर काचेत बरोबर त्याच्या हनुवटीखाली येतो. तो मिशी सारखी करतो आणि निघून जातो.

आज पंचविसावा दिवस. मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. त्याचं दुकान समोरच आहे, दुपारी उघडं असतं. तेवढं सांगाल त्याला?