नक्षी शाबूत होती

मित्रांनो, शाळा सुटली की वळसंगच्या ह्या चिंचेखाली तुम्ही ज्याच्यावर उड्या मारता, तो मी मोटारीचा एक जुना टायर आहे. मारा, खुशाल मारा. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परवा तुमच्यातलं कुणीतरी माझ्या पाठीवर बोट फिरवून म्हणालं, की ह्याची नक्षी अजून किती नवी हाय बघा. ते ऐकलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता सगळं सांगूनच टाकतो. निदान माझं कौतुक तरी करू नका.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. जाड सुताच्या कापडाचे थर, त्यांवर रबर, मग साच्यात घालून भाजणं, असं सगळं सोसून मी बाहेर पडलो. माझ्या पाठीवर तिरप्या खाचांची नक्षी उमटवली होती. ही नक्षी शोभेची नसते बरं का. ती रस्ता धरून ठेवते. बोटीनं मुंबईला आणि आगगाडीनं सोलापूरला आलो, तेव्हा माझ्यासारखा देखणा मीच, असं मला वाटायचं.

चनबसप्पा नावाच्या मोटारमालकांनी मला घेतलं. त्यांची सर्व्हिस मोटार सोलापूर ते अक्कलकोट माणसं वाहायची. मला वाटलं, आता आपण धावणार. पण त्यांनी मला चाकावर चढवलंच नाही. मोटारीच्या बगलेला अडकवून ठेवलं. म्हणजे मी स्टेपनी झालो. रस्त्यात एखादं चाक बसलं तर त्याच्या जागी लावायचा तो मी. बाकी वेळ नुसतं मिरवायचं. मालकांनी माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात आपलं नाव गोल लिहून घेतलं. दर वर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधी रंगारी येऊन ती अक्षरं पुन्हा ठसठशीत करून जायचा. स्टँडवर लोक थांबून नाव वाचायचे आणि मी फुगून जायचो.

खाली चार चाकांचे टायर बिचारे राबत होते. खडी, फुफाटा, बैलांच्या पायांतून निखळलेल्या नाला, सगळं त्यांच्या नशिबी. महिपती ड्रायव्हर रोज सकाळी मोटार सुरू करायच्या आधी त्यांच्याजवळ उकिडवा बसायचा. खाचांत अडकलेले खडे टोकरून काढायचा. पाठ एकाच बाजूनं झिजते का, ते तळहातानं चाचपायचा. नक्षी सपाट होत आली की मालकांना बोलावून दाखवायचा. मालक म्हणायचे, चालेल की अजून थोडे दिवस. महिपती म्हणायचा, आतलं सूत दिसायला लागलं की टायर मेला समजा, त्याच्या आधी बदलायचा. मालक कुरकुरत का होईना, नवा आणायचे. महिपतीच्या मोटारीत माणसं निर्धास्त बसत ती ह्यामुळंच.

मला मात्र त्यानं कधी चाचपलं नाही. का चाचपावं? माझी नक्षी जशीच्या तशी होती. मी धावलोच नव्हतो, तर झिजणार कसा? मालक म्हणायचे, ड्रायव्हर म्हणायचा, आणि मीही तेच म्हणायचो, की हा तर कोरा टायर.

पण मित्रांनो, सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. उन्हाळ्यामागून उन्हाळे ते माझ्या एकाच कुशीवर, म्हणजे बाहेरच्या बाजूवर, पडत होतं. रबर वाळत गेलं. कुशीला आधी केसाएवढ्या बारीक रेघा पडल्या, मग भेगा. मला त्या खुपत होत्या. पण रंगारी येऊन त्यांत पांढरा रंग भरायचा आणि मी पुन्हा नवा दिसायचो. खोटं कशाला सांगू, मला तेच आवडायचं.

ह्याच वळसंगात कल्लप्पा नावाचे शेतकरी होते. त्यांची मुलगी सुंदरम्मा. घरात कानडी बोलणारी पोर, पण मराठी शाळेत पहिली यायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं, आणि त्यासाठी सोलापूरला जाऊन फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा द्यायला हवी होती. इकडे दुधनीचं एक स्थळ सांगून आलं होतं. कल्लप्पांनी त्या लोकांना शब्द दिला होता, की पोरीला ही परीक्षा देऊ द्या. पास झाली तर ती शाळेत शिकवील, नापास झाली तर लगेच लग्न लावून देतो. पुन्हा पुन्हा थांबायला ते लोक तयार नव्हते. सुंदरम्माला एकच संधी होती.

सोलापुरात मुक्कामाला ओळखीचं घर नव्हतं. म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळच्या पहिल्याच मोटारीनं बापलेक निघाली. महिपतीनं तिला पुढं, आपल्या शेजारी बसवलं. वेळेच्या आत पोचवतो, काळजी करू नकोस, असंही तो म्हणाला. ती तोंडातल्या तोंडात कविता म्हणत होती.

कुंभारीच्या अलीकडे नाल घुसली आणि मागचं चाक बसलं. त्या टायरचा काही दोष नव्हता, असं कुठल्याही टायरला होतं. महिपतीनं हसतच मला खाली काढलं. म्हणाला, कोरी स्टेपनी हाय, आता पोचतोय बघ. त्यानं मला चाकावर चढवलं, हवा भरली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्याला टेकलो! केवढा आनंद झाला म्हणून सांगू.

पहिला ओढा ओलांडला आणि माझी कूस त्या भेगांवरून टराटरा फाटली. आतली ट्यूब बाहेर आली आणि बंदुकीसारखा आवाज होऊन फुटली. माझी नक्षी मात्र शाबूत होती.

महिपती माझ्यापुढं बसला आणि पहिल्यांदाच माझ्या कुशीवरून हात फिरवला. रंगाच्या खपल्या पडल्या. खालच्या भेगा बघून त्यानं कपाळावर हात मारला. दुसरी स्टेपनी नव्हती, आणि आधीच्या टायरची ट्यूब नालेनं पार चिरली होती. रस्त्यावर टांगा नाही, बैलगाडी नाही. शेजारच्या रानात कडबा रचला होता. उतारूंनी तो आणला, मोडून मोडून माझ्या पोटात कोंबला, आणि महिपतीनं मला दोरीनं आवळलं. सुंदरम्माही कोंबत होती. तिची बोटं कापली. नव्या झंपरला माझा काळा रंग लागला. ती रडली नाही. सारखी सूर्याकडे बघत होती.

तशा अवस्थेत मोटार खुरडत, बैलगाडीच्या चालीनं सोलापूरला पोचली. पहिला पेपर केव्हाच सुरू झाला होता. कल्लप्पांनी दारावरच्या मास्तरांपुढं हात जोडले, महिपतीनं माझी फाटकी कूस दाखवायची तयारी केली. पण उशिरा आलेल्याला आत घेता येत नाही, असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं. नियमच तसा होता. सुंदरम्मा पायरीवर बसली. तिच्या मुठीत कडब्याचा चुरा होता.

ह्यापुढचं सांगायला मला जास्त लाज वाटते. मालकांनी मला फेकून द्यावं की नाही? पण बगल रिकामी दिसली तर मोटारीची शोभा जाते म्हणाले. चांभाराकडून आतून कातडं शिवून घेतलं, वरून पुन्हा रंग दिला, पुन्हा आपलं नाव लिहिलं, आणि मला जागेवर अडकवलं. महिपतीनं दोनदा सांगून पाहिलं, मग तोही गप्प बसला. लोक पुन्हा माझ्याकडे बघून निर्धास्त गाडीत चढू लागले.

पावसाळ्याच्या आधी सुंदरम्माचं लग्न लागलं. वरातीला दुधनीला जायला हीच मोटार ठरली. निघण्याआधी तिची आत्या गौरम्मा चाकांना हळदकुंकू लावत आली. माझ्याही कपाळी कुंकू टेकवलं. मागोमाग मुंडावळ्या बांधलेली सुंदरम्मा आली आणि माझ्यापाशी थांबली. ती महिपतीला हळूच म्हणाली, "मामा, ह्यो त्योच न्हवं?"

महिपतीला मान वर करवेना. "व्हय पोरी," एवढंच म्हणाला.

"मग काढा की ह्याला. माजं जायचं ते गेलं. उद्या दुसरी कुणी बसंल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

महिपतीनं सगळ्या वऱ्हाडासमोर मला काढलं आणि ह्या चिंचेला टेकवून ठेवलं. चनबसप्पा ओरडले, की बगल उघडी दिसतेय, अपशकुन होईल. महिपती म्हणाला, "दिसू द्या मालक. स्टेपनी न्हाय ती न्हाय म्हणून दिसू दे. चांगली आणशीला तवाच हितं कायतरी अडकंल." आणि रिकाम्या बगलेनं, अगदी जपून, त्यानं मोटार नेली. कपाळावर ओलं कुंकू घेऊन मी धुळीत पडून राहिलो.

तेव्हापासून मी इथंच आहे. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी पुढं मोटार चालवील, कुणी मालक होईल. माझी एक विनवणी आहे. नक्षी झिजली की टायर बदला, हे तर कराच. पण नक्षी बघून फसू नका. कुशीवरून हात फिरवा, आणि बगलेला टांगलेल्यालाही खाली काढून बघा. भेग दिसली तर तिच्यावर रंग देऊ नका, टायर उतरवा. नवा टायर उद्याही मिळतो. सुंदरम्माची परीक्षा त्याच दिवशी होती.