इतर वायू

बत्तीस वर्षं मी पोरांना हवा शिकवली. आता हे वाक्य लिहिताना माझं मलाच हसू येतं, कारण हवा काही शिकवावी लागत नाही, जन्मल्याबरोबर पोरं ती आपली आपण घेतात. पण अभ्यासक्रमात तिसरा धडा हवेचा होता आणि अकरावा घाण पाण्याचा, आणि मी पडले अभ्यासक्रमाबाहेर पाऊल न टाकणारी बाई. तिसऱ्या धड्यात एक गोल आकृती होती. नायट्रोजन अठ्ठ्याहत्तर टक्के, ऑक्सिजन एकवीस, आणि उरलेली एक बारीक फोड. तिच्यावर लिहिलेलं असायचं, इतर वायू, एक टक्का. त्या फोडीवर खडू टेकवून मी दर वर्षी म्हणायचे, "यावर प्रश्न येत नाही. पुढे चला."

अकराव्या धड्यात कारखान्याचा पाइप, त्यातून नदीत पडणारं काळं पाणी आणि पोटं वर करून तरंगणारे तीन मासे. मासे का मेले? पाण्यातला ऑक्सिजन संपला म्हणून. दोन गुण. या दोन धड्यांच्या मध्ये चुंबक, उष्णता, पचनसंस्था असे सात धडे होते, त्यामुळे हे दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. निदान माझ्या वर्गात तरी नाहीत.

निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली. गल्लीतले लोक अजून माझ्याकडे कागद घेऊन येतात. बिलं, नोटिसा, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. निवृत्त शिक्षिकेला ओरडायला कुणीतरी लागतंच. पण त्या मंगळवारी सकाळी दारात शंकासुराची बायको उभी होती, आणि तिच्यावर ओरडण्यासारखं काही नव्हतं.

शंकासुर हे नाव मीच ठेवलेलं. सातवीत होता तेव्हा. मी एक वाक्य बोलले की याचा हात वर. मोठा झाला, आमच्याच रस्त्याच्या टोकाला कापड रंगवण्याचा कारखाना आहे तिथे पंप-फिटर म्हणून लागला, लग्न झालं, मुलगी झाली, पण रस्त्यात भेटला की "बाई, एक शंका आहे" म्हणूनच सुरुवात करायचा. तीन आठवड्यांपूर्वी तो कारखान्याच्या टाकीत मेला. रंगाचं सांडपाणी नाल्यात सोडण्याआधी जिथे साठवतात ती जमिनीखालची टाकी. तिथला पंप गाळानं तुंबला होता, म्हणून हा एकटाच झाकण काढून उतरला. जेवणाची सुट्टी संपून बराच वेळ झाला तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की फिटर दिसत नाही. मी तेव्हा भेटायला गेले होते. लोक बोलतात ती चार वाक्यं बोलले आणि परत आले.

ती खुर्चीच्या कडेवर बसली. दवाखान्याच्या धुलाईघरात ती इस्त्री करते. उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे. तिनं पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"बाई, मला वाचता येतं, पण हे असलं नाही कळत. तुम्ही सांगा."

कारखान्याच्या चौकशीचा अहवाल होता. मी शाळेत वाचायचे तसं मोठ्यानं वाचलं. "सदर कामगाराने हवेची कोणतीही तपासणी न करता, टाकीच्या तोंडाशी उघडी ज्योत नेऊन, निष्काळजीपणे आत प्रवेश केला." खाली लिहिलं होतं, वरील निष्कर्ष मान्य. त्याखाली तिच्या सहीसाठी रेघ.

"निष्काळजीपणे म्हणजे बेपर्वाईनं ना?"

"हो."

"गुरुवारपर्यंत सही करून द्या म्हणाले."  मग तिनं पिशवीत पुन्हा हात घातला. "त्यांचं सामान कारखान्यानं परत दिलं. त्यात हे होतं. हा कसला प्रकार आहे, काही कळतं का बघा."

दूधपावडरचा पत्र्याचा डबा होता. कडेनं खिळ्यानं भोकं पाडलेली, वर तारेची कडी, कडीला सुतळी. सुतळीला हात हात अंतरावर गाठी मारलेल्या, एकसारख्या, नीट. डब्याच्या तळाशी मेण थिजून बसलं होतं आणि त्यात वातीचा काळा ठिपका. मेणबत्ती पार शेवटपर्यंत जळून गेली होती.

"टॉर्च होता त्यांच्याकडे," ती म्हणाली. "चांगला होता. आदल्याच दिवशी मी सेल घातले होते. मग मेणबत्ती कशाला नेली?"

मला कळलं होतं. डबा टेबलावर ठेवला त्याच क्षणी कळलं होतं.

तिसऱ्या धड्याला मी एक प्रयोग करायचे. काचेच्या उंच बरणीत खायचा सोडा आणि व्हिनेगर घालायचं, वायू जमू द्यायचा, मग तारेला बांधलेली मेणबत्ती हळूहळू आत सोडायची. ती पटकन विझायची आणि पोरं "आँ" करायची. माझं हे आवडतं दृश्य. मग मी कमरेवर हात ठेवून सांगायचे, "म्हणून विहिरीत, बंद टाकीत उतरायचं असेल तर आधी दिवा सोडून बघावा. विझला तर उतरू नये." एका वर्षी हात वर झाला. कुणाचा, ते सांगायला नको.

"बाई, आणि नाही विझला तर?"

"तर खुशाल उतर," मी म्हणाले, "आणि माझं डोकं खाणं थांबव." सगळा वर्ग हसला. मीही हसले.

आता तो हात वर करणारा पोरगा त्या डब्याच्या रूपानं माझ्या टेबलावर बसला होता आणि त्याची बायको उत्तराची वाट बघत होती. मी म्हणाले, "कुणास ठाऊक. कागद राहू दे माझ्याकडे. नीट वाचते." पोरांना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं करणारी बाई मी. वेळ मारून नेली.

ती उठली, पण लगेच गेली नाही. "रोज दारातून मी सांगायचे, जपून काम करा. ते हो हो म्हणायचे. आणि तिथं जाऊन हा मेणबत्तीचा खेळ. बाई, खरं सांगू? मला रडू येत नाही. रागच येतो. पोर विचारते, बाबा कसे गेले, तर तोंडावर येतं की स्वतःच्या बेपर्वाईनं गेले. मेलेल्या माणसावर इतकं रागावतात का हो कुणी?"

 डबा ती घेऊन गेली.

दुपारी मी कपाटाच्या वरच्या खणातून कॉलेजचं जाड पुस्तक काढलं. धूळ इतकी की शिंका थांबेनात. सांडपाण्याच्या प्रकरणात शेवटी एक परिच्छेद होता. घाण पाण्याचा गाळ हवेविना कुजला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. हवेच्या हजार भागांत एक भाग जरी असला तरी माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. ज्योत मात्र त्यानं विझत नाही. ज्योतीला ऑक्सिजनशी मतलब. तो तिथे पुरेसा होता.

हजारात एक. म्हणजे माझ्या त्या एक टक्क्याचा दहावा हिस्सा. आकृतीत काढायचा म्हटला तर खडूची रेघही त्याच्याहून जाड पडेल.

आणि त्या परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीची खूण होती. माझीच. विसाव्या वर्षी मी ते वाचलं होतं, महत्त्वाचं म्हणून खूण केली होती, परीक्षेत लिहून गुणही घेतले असतील. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरली नाही. मी पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात गेले आणि कशाला आले होते तेच आठवेना. त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःचीच किळस वाटली.

गप्प बसणं सोपं होतं. ती सही करून मोकळी झाली असती. मला कुणी काही विचारणार नव्हतं. सातवीच्या वर्गात काय बोललं गेलं हे जाणणारी इतर चाळीस पोरं कुठे कुठे पांगली होती, आणि बाई काय म्हणाल्या हे कोण लक्षात ठेवतं? एकानं ठेवलं होतं.

बुधवारी सकाळी मी धुलाईघरात गेले. दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली, वाफेनं गच्च भरलेली. एका भिंतीला गोल तोंडाची मोठी यंत्रं घरघरत होती, दुसऱ्या भिंतीला इस्त्रीची टेबलं. तिच्या उजव्या हाताला चुरगळलेल्या चादरींचा ढीग, डाव्या हाताला घड्यांची चळत. मला बघून तिनं इस्त्री उभी ठेवली.

"बाई, तुम्ही कशाला आलात इथं? मी आले असते संध्याकाळी."

"संध्याकाळपर्यंत माझं मन बदललं असतं," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. बरणी, मेणबत्ती, त्याचा वर आलेला हात, माझं उत्तर. मग गाळ, तो वायू, बधिर होणारं नाक. यंत्रांच्या आवाजात मला मोठ्यानं बोलावं लागत होतं. शेजारच्या टेबलावरच्या बाईनंही ऐकलं असेल. ऐकू दे.

 माझं संपल्यावर ती म्हणाली, "म्हणजे ते बघून उतरले होते."

"हो. शिकवलं होतं तसंच. गाठी मोजून दोरी सोडली असणार, तळापर्यंत हवा बघितली असणार. त्यांनी तपासणी केली नाही हे खोटं आहे. दिवा सोडणं हीच तपासणी. मी तेवढीच शिकवली होती."

"आणि त्या वायूचं तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हणाले. "शिकवलं नाही."

तिनं चळतीतली एक चादर उचलली, पुन्हा ठेवली, तिच्यावरून हात फिरवला. मग तिचे खांदे हलायला लागले. तीन आठवड्यांत न आलेलं रडू तिथे, त्या वाफेत आलं, आणि ती त्याला, माझ्या विद्यार्थ्याला, एकेरीत हाका मारत रडली. "मी तुला बेपर्वा म्हणाले रे," असं काहीसं. शेजारच्या बाईनं आपली इस्त्री बंद केली. मी जवळ गेले नाही. तिला धरायचा हक्क मला होता असं मला वाटलं नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "कागद आणलाय?"

"आणलाय."

"मी सही करणार नाही. मला जे सांगितलंत ते यावर लिहा. तुमच्या नावानं."

मी टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं. अक्षर चांगलं आलं, सवयच ती. ज्योत नेली ती हवा तपासण्यासाठी, ही पद्धत मी शाळेत शिकवली होती, ती अपुरी होती, आणि टाकीत कोणता वायू असू शकतो हे त्या कामगाराला कारखान्यातही कुणी सांगितल्याचं अहवालात दिसत नाही. शेवटी लिहिलं, माझ्या अध्यापनात त्रुटी राहिली.

तिनं ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. "त्रुटी म्हणजे?"

"चूक."

"मग चूक लिहा ना."

मी खोडून चूक लिहिलं. तिनं कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. मग टेबलाखालून आपली पिशवी ओढली आणि तो डबा काढला. कालपासून तो ती बरोबरच घेऊन फिरत होती. तिनं आत वाकून बघितलं, थिजलेल्या मेणावर अंगठा टेकवला.

"बाई, ते खाली पडले तेव्हा हा दिवा जळत होता?"

"हो."

"त्यांच्याजवळच?"

"दोरीला लटकत असणार. छातीशी, फार तर डोक्याशी."

"मग विझवला कुणी?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "मेण संपेपर्यंत जळला."

तिनं डबा पिशवीत ठेवला, पिशवी टेबलाखाली सरकवली आणि इस्त्री हातात घेतली. ढीग अजून मोठा होता. मी निघाले. दारापर्यंत गेले तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"बाई, पोरगी सातवीत आहे यंदा. तिला हा धडा तुम्हीच शिकवा. आणि ती विचारेल तेवढं सगळं सांगा."