ठकीची झोप

ठकी जन्मल्यापासून त्या घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. बायकोने दारावरची बेल काढून टाकली होती, पाहुण्यांना ती ओठांवर बोट ठेवूनच आत घ्यायची आणि सासूबाईंची शिंकसुद्धा तिला खपत नसे. नवरा बिचारा टीव्हीवरच्या मारामाऱ्या आवाज बंद करून बघायचा. हौसेने आणलेला साउंडबार आणि त्याचा घुमणाऱ्या खर्जाचा सबवूफर खोक्यातच पडून होते.

त्या दुपारी बायको दाताच्या डॉक्टरकडे गेली, घरात दुसरं मोठं कोणी नव्हतं आणि त्याने संधी साधली. आठ महिन्यांची ठकी आतल्या खोलीत झोपली होती. दार लोटून त्याने सबवूफर आधी सोफ्यावर ठेवला, त्यावर बारीक आवाजात खर्जातलं संगीत लावलं आणि स्वतः भिंतीकडेने रांगत सुटला. जिथे ते सगळ्यात साफ ऐकू येईल, तीच सबवूफरची जागा, असं माहितीपुस्तिकेत म्हटलं होतं. टीव्हीशेजारचा कोपरा पसंत पडला. सबवूफर तिथे मांडून, सोबत आलेला माइक सोफ्यावर ठेवून त्याने फोनवर खोलीत आवाज कसा घुमतो याची मोजणी सुरू केली.

आवाज आधी कमी करायचा राहूनच गेला. साउंडबारमधून अशी किंचाळी निघाली की कपाटातले ग्लास थरथरले. आता ठकी उठणार आणि बायको घर डोक्यावर घेणार. धावत जाऊन त्याने दार उघडलं, तर ठकी तोंडात अंगठा घालून निवांत झोपलेली.

त्याचा जीव भांड्यात पडला. झोपावं तर माझ्या लेकीने, असं म्हणून तो हसलासुद्धा. पण त्याचे स्वतःचे कान अजून दणाणत होते, आणि ते लक्षात आलं तसं त्याचं हसू ओसरलं. दार सताड उघडं ठेवून त्याने पुन्हा मोजणी लावली. ठकी हलली नाही.

ती आपली आपण उठेपर्यंत तो उंबऱ्यात बसून राहिला. मग तिला हॉलमध्ये आणून साउंडबारकडे पाठ करून फरशीवर बसवलं, हातात लाकडी चमचा दिला आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं. किंचाळी घरभर फिरली. ठकी चमचा चोखत होती.

"वळ ना गं," तो पुटपुटला.

मग सबवूफरची पाळी आली आणि फरशी थरथरली. ठकीने चमचा टाकला. तिने आवाजाकडे नाही, खाली पाहिलं, फरशीवर तळवा ठेवला आणि खुदकन हसली.

दारात किल्ली फिरली. सुजलेल्या गालाने बायको आत आली. तो मोजणी बंद करायला धडपडला. ती ओरडली नाही. ठकीच्या तळव्याकडे बघत तिने पर्स खाली ठेवली.

"कळलं तुला," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"तिसऱ्या महिन्यात हिच्या उशाशी माझ्या हातून पातेलं पडलं. ही झोपूनच राहिली."

"मग आम्हाला सगळ्यांना गप्प का बसवलंस?"

"आवाज झाला असता तर ही वळत नाही, हे सगळ्यांना दिसलं असतं. मला वाटलं, होईल हळूहळू ठीक."

वाया गेलेल्या महिन्यांचा त्याला भयंकर राग आला. "उद्या सकाळी कानाच्या डॉक्टरकडे जायचं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. सवयीने त्याने बायकोच्या बोटाकडे पाहिलं. ते ओठांवर गेलं नाही.

ती तिथेच बसली आणि तोंडावर हात न ठेवता मोठमोठ्याने रडली. तिच्याकडे पाठ करून बसलेली ठकी, थांबलेली थरथर शोधत, फरशीवर हात आपटत राहिली.