फिरत होतो, पण उलटा

सर्व्हिस सेंटरचे मोठे साहेब, तुम्ही मला न तपासताच निर्दोष सोडलंत. दोष माझ्यातच होता. कागदावर मात्र तुम्ही लिहिलंत, 'पंखा फिरतो. ठीक.'

मित्रांनो, मी एका जुन्या गाडीच्या नाकामागे बसलेला छोटा पंखा आहे. माझ्यापुढे दोन जाळ्या आहेत, एक एसीची आणि तिच्यामागे इंजिनाच्या पाण्याची. शेजारी मोठा पंखा. एसी लावला की आम्ही दोघांनी बाहेरची हवा जाळ्यांतून आत ओढायची, म्हणजे पाणी फार तापत नाही. नऊ उन्हाळे मी हे काम चोख केलं. कौतुक कुणी केलं नाही. एसीचं सगळे करायचे.

मग मला फिरवणारी मोटार जळाली. साहेबांच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये नवी बसवली. तारा फक्त दोन, त्याही अदलाबदल करून जोडल्या आणि वरून काळी टेप गुंडाळली. मी उलटा फिरू लागलो. मोठा पंखा हवा आत ओढायचा आणि मी तीच तापलेली हवा पुढे ढकलायचो. ती पुन्हा त्याच्याच तोंडात. मला ओरडता येत नाही. फिरवतील तसं फिरायचं, एवढंच येतं.

आमच्या मालकीणबाई आठवड्यातून तीनदा सासऱ्यांना दवाखान्यात नेतात. तिथे यंत्रावर त्यांचं रक्त शुद्ध करतात. परतताना आजोबा पिळून काढलेल्या कपड्यासारखे होतात, उकाडा सोसत नाही. एसी लावला की सिग्नलपाशी इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा. बंद केला की काटा उतरायचा आणि आजोबा घामाघूम. एकदा ते सीटवरच बेशुद्ध पडले.

बाईंनी गाडी पुन्हा साहेबांकडे नेली. त्यांनी पाणी बदललं, पाण्याची वाट उघडझाप करणारा थर्मोस्टॅट बदलला. मग म्हणाले, "इंजिन उघडावं लागेल. पंधरा दिवस गाडी इथेच."

"मग यांना नेऊ कशातून?"

"ते मी कसं सांगणार, मॅडम? तोवर एसी लावू नका."

बाईंनी गाडी घरी आणली. आजोबा खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस.

"सूनबाई, गाडी सुरू कर. एसी लाव."

"बाबा, त्या लोकांनी सगळं तपासलंय. तुम्हाला गाडीतलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर बघतोय. शिलाई मशीनचं चाक उलटं फिरलं तरी लांबून मशीन चालतंय असंच वाटतं. दोरा तुटला की कळतं."

त्यांनी कपडा बेतायचा पातळ कागद फाडला आणि बाहेरच्या जाळीवर धरला. मोठ्या पंख्यासमोर तो चिकटून बसला. माझ्यासमोर धरला, तर उडून त्यांच्याच मांडीवर पडला.

"परत धरा बघू," बाई म्हणाल्या. तीनदा धरला, तिन्ही वेळा तेच झालं.

"हा वारा फेकतोय गं. ओढतच नाही."

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने गाडी बंद करून टेप सोडली आणि तारांची अदलाबदल केली. मग अर्धा तास गाडी एसी लावून जागेवरच ठेवली. काटा मध्यावर बसला तो हललाच नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून येताना आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते. बाईंनी रेडिओ बंद केला, एसी नाही.

मित्रांनो, यंत्र चालतंय एवढ्यावर विसंबू नका. ते करतंय काय, हे विचारा. हात आत घालू नका, मोठ्यांना सोबत घ्या, पण बघा.

आणि साहेब, काल आम्ही तुमच्या दारावरून गेलो. एक निळी गाडी इंजिन उघडून पडली होती. तिचा मालक काकुळतीला येऊन सांगत होता, एसी लावला की तापते. तिचं इंजिन खोलण्याआधी पंख्याचा वारा कुठल्या बाजूला जातो, ते पाहिलंत का? हो की नाही, तेवढं सांगा.