सुताराची खूण

शहरातल्या माणसानं पुढे केलेला डोनट व्हर्नानं घेतला नाही. पोटात कावळे ओरडत होते, पण ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातचं खायचं, हे तिला पटेना.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत फेरमोजणी चालू होती. थोडा कर वाढवून शहरातून गावांपर्यंत बस आणायची की नाही, यावर मतदान झालं होतं. शहरानं ‘हो’ म्हटलं, भोवतालच्या गावांनी ‘नाही’. ‘नाही’ अवघ्या एकोणीस मतांनी पुढे राहिलं. त्यामुळे यंत्राला न वाचता आलेल्या मतपत्रिका आता माणसं बघत होती. दर टेबलाला दोघं, एक शहराचा, एक गावांकडचा. दोघांचं जुळलं नाही तर निवडणूक अधिकारी बाईंना बोलवायचं.

व्हर्ना स्टट्झमन गावांकडची. तिच्यासमोर शहराकडचा, तो डोनट पुढे करणारा, रॉस्को टिब्स नावाचा निवृत्त पोस्टमन बसला होता.

“बाह्या जरा वर घ्या,” ती म्हणाली.

“बाहीत मतं लपवलीत का मी?”

“मी कुठं तसं म्हटलं?”

“म्हटलं नाहीत, पण बघताय तशाच.” त्यानं बाह्या कोपरापर्यंत सारल्या. “आता तुमची पर्स खाली ठेवा, बाई. म्हणजे फिट्टंफाट.”

व्हर्नानं पर्स खाली ठेवली, पण पायात धरून. गावात सगळेच म्हणत होते, आधी बस येईल, मग शहराच्या वसाहती, मग एक दिवस गावच गिळतील. तिच्या अंगणात ‘बस नको’चा फलक होता. त्याची चौकट तिच्या नवऱ्यानं, सुतारकाम करणाऱ्या लाइलनं, स्वतः ठोकली होती.

दुपारी तिच्याच गावची एक मतपत्रिका समोर आली. ‘हो’ किंवा ‘नाही’समोरचा गोल भरायचा सोडून कुणीतरी चपट्या पेन्सिलीनं खूण केली होती. कावळ्याच्या पायासारखी, एका बाजूला लांब शेपूट. व्हर्नाचा हात जागच्या जागी थांबला. चाळीस वर्षं ती खूण तिनं फळ्यांवर, दारांवर, स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाहिली होती.

खुणेचं टोक ‘हो’कडे होतं.

आधी तिला वाटलं, कुणी नक्कल केली असेल. पण लाइलची नक्कल करून कुणाला काय मिळणार? मग रागानं तिचे कान तापले. माझ्या अंगणात फलक ठोकून हा माणूस आत जाऊन हे करून आला! आणखी काय काय लपवलंय यानं?

आणि मग तिला दिसलं की खूण गोलापासून चांगली अंगठाभर दूर पडलीय. केसभरही न चुकणारा लाइल. ऑगस्टपासून गुडघ्याचं निमित्त सांगून गाडी तिलाच चालवायला लावत होता. पेपरही तिच्याकडून वाचून घ्यायचा, म्हणे तुझा आवाज गोड आहे.

“गोलाबाहेर आहे,” टिब्स म्हणाला. “घ्या हरकत. मला माहितीये तुम्ही घेणार.”

“नाही. ‘हो’ धरा.”

“का?”

“सुताराची खूण आहे. टोक दाखवतं तीच जागा धरायची.”

टिब्सनं डोळे बारीक केले. “यात काहीतरी गोम आहे.” आणि त्यानंच अधिकारी बाईंना बोलावलं. त्यांनी कागद उजेडात धरला, ‘हो’च्या गठ्ठ्यात टाकला. उरलेला दिवस टिब्स प्रत्येक कागद दोनदा उलटून बघत राहिला.

‘नाही’ अकरा मतांनी टिकलं.

व्हर्ना घरी आली तेव्हा लाइल पायरीवर बसला होता. “कोण जिंकलं?”

“आपण.”

“बरं झालं,” तो म्हणाला. बरं झाल्यासारखा आवाज मात्र नव्हता.

“लाइल, तुला कधीपासून नीट दिसत नाहीये?”

तो दचकला. “कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही.” मोजणीतल्या मतपत्रिकांबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी शपथ घेतली होती तिनं.

“जुलैपासून,” तो म्हणाला. “शहरातल्या दवाखान्यात दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतो. शेजारचा अर्ल नेतो. पण तो थंडीत फ्लोरिडाला चाललाय. मग मला तिथं न्यायला कुणीच नाही.”

“आणि मला सांगायला जीभ झडली होती?”

“तू त्या फलकापाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतीस, शहराकडून आपल्याला काही नको म्हणून. कुठल्या तोंडानं सांगू?”

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. “अजून काय लपवलंयस?”

“एवढंच.”

तिचा विश्वास बसला असं नाही. पण पुढच्या मंगळवारी तिनंच त्याला शहरात नेलं. दवाखान्याबाहेर गाडीची दारं नीट लागलीत ना, ते दोनदा ओढून पाहिलं आणि मग त्याचा दंड धरून आत गेली.