मूर्तिजापूरच्या पुढे

"हे पाह्य, दिवा लाल झाला," गोवर्धन म्हणाला आणि एक्सिलेटरवरचा त्याचा पाय आपोआप सैल झाला.

स्टिअरिंगमागच्या काचेत, पाण्यात उभ्या केलेल्या काडीसारखं एक चित्र लालभडक होऊन लागलं होतं. बडनेरा केव्हाच मागे पडलं होतं. मूर्तिजापूर यायचं होतं. दोन्ही अंगांनी तुरी पिवळ्या फुलावर आल्या होत्या आणि रस्त्याला सावली म्हणून नव्हती.

"काय होते त्यानं?" मागच्या सीटवरून माणिकबाईने विचारलं. तिच्या बाजूला शेवंतीची टोपली होती आणि दर खड्ड्याला ती टोपलीवर हात आडवा धरीत होती.

"योगेश सांगून गेला ना. पिवळा लागला त चालू द्या, लाल लागला त तिथल्या तिथं उभं राह्यजा. नाईतर इंजन बसते म्हने."

"पोरगा पुण्यात बसून सांगते. तिकडं आक्काचा डोया दाराले लागला असन. हाणा तुमी. बंद पडली त पडली, रस्त्यानं जाईन त्या एसटीले हात दाखवू."

बायकोचं हे बोलणं ऐकून गोवर्धनला बरंच वाटलं. त्याच्या मनातलंच ती बोलली होती. त्याने पाय पुन्हा दाबला.

जमुनाआक्का त्याची थोरली बहीण. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे दिलेली. सकाळी भाच्याचा, विपुलचा फोन आला होता, "मामा, आईची तब्येत जास्त हाये. तुमचंच नाव घेऊन राह्यली. आन् घरची फुलं आना म्हनते, देवाले." घरची म्हणजे गोवर्धनच्या मळ्यातली. राजापेठेत त्याचं हारांचं दुकान, दिवसभर फुलांत बसलेला माणूस; पण दुकानातली फुलं आक्काला चालत नसत. दरवर्षी तिच्या गल्लीत सप्ता बसे तेव्हा देवाच्या गळ्यातला हार भावाच्या मळ्यातल्याच शेवंतीचा असायचा. विकत घेतलेला हार देव घालतो, नाही असं नाही, पण मान थोडी आखडून घालतो, असं तिचं म्हणणं. गोवर्धनने सकाळी स्वतः फुलं तोडली होती. पाकळ्यांवरचं दव अजून पुरतं वाळलं नव्हतं.

गाडीत कीर्तन लावलेलं होतं. मागच्या सालच्या सप्त्यातलं, काल्याचं. विपुलने पेनड्राइव्हमध्ये भरून दिलेलं. महाराजांनी नाव घ्यावं, टाळकऱ्यांनी उचलावं, आणि त्याच्या अर्धी मात्रा आधी बायांच्या घोळक्यातून एक उंच, चिरका आवाज निघावा. तो आक्काचा. तिला धीरच नव्हता. देवाचं नाव दुसऱ्याच्या तोंडी आधी जाईल की काय अशा घाईने ती उचलायची. सगळी गल्ली हसे. महाराज एकदा भर कीर्तनात म्हणाले होते, "जमुनामाय, आमाले पोचू द्या, मंग तुमी या."

इंजिनाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून गोवर्धनने कीर्तन बंद केलं.

मूर्तिजापूरच्या वेशीवर बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा थांबण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. रस्त्याला लागूनच देवीदास मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने लांबूनच हात हलवला, "झाकन खोलू नका काका, तोंड भाजन!" गाडी निवल्यावर तो वाकून बघत राहिला.

"पानी गयून राह्यलं. पाइप चिरला. माल अकोल्याहून आनावा लागते, उद्या देतो."

"उद्या कोनाले पाह्यजे रे बापा? मले आता जायचं हाये."

"मंग पट्टी गुंडाळून देतो. पान्याची कॅन भरून घ्या. दिवा लागला की थांबायचं, निवू द्यायचं, पानी टाकायचं, मंग पुढं. तसाच दामटला त तुमी बी अर्ध्यात आन् गाडी बी अर्ध्यात."

गोवर्धन कॅन घेऊन नळाकडे गेला. नळाला धार बारीक. दोन्ही फोन माणिकबाईजवळच होते. गाडी चालवताना तो फोनला हात लावत नसे. तो परत आला तेव्हा ती गाडीत नव्हती. समोरच्या बाजारलाइनीतून ती येताना दिसली, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, हातात कापडाची पिशवी.

"आता बाजार सुचला तुले?"

"होतं थोडसं काम," ती म्हणाली आणि मागे बसून तिने पिशवी पायाशी ठेवली.

मूर्तिजापूरच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. गोवर्धनला लहानपणचं आठवत होतं. गावाच्या मारुतीच्या पारावर कीर्तन असे आणि आक्का त्याला काखेत मारून नेई. पूर्वरंग संपेस्तोवर तो तिच्या मांडीवर झोपून जायचा. झोपू द्यायची ती. पण काल्याची हंडी फुटायची वेळ आली की दंडाला असा चिमटा काढायची की डोळ्यांत पाणी यावं. "उठ रे, काला वाटून राह्यले!" लाह्या-दह्याचा तो घास त्याच्या आयुष्यात एकदाही चुकला नव्हता. तिच्यामुळे.

आणि दिवा पुन्हा लागला.

बोरगाव अजून लांब होतं. गोवर्धनने दात आवळले. "लागू दे. आता नाई थांबत मी. जिथवर जाते तिथवर नेतो."

"थांबा," माणिकबाई म्हणाली.

"आं?"

"थांबा म्हनलं. बाजूले घ्या. मिस्त्रीनं सांगतलं ना. निवू द्या."

"सकायी त हाणा हाणा करत होती!" त्याचा आवाज चढला. "तवा इंजन बसत नव्हतं काय? दमली असन तू, पाय आखडले असन, म्हनून थांबा. तुयी सख्खी बहीन असती त निघालं असतं काय तोंडून थांबा?"

आरशात त्याला ती दिसत होती. एरवी अशा बोलण्याला तिने दोन शब्द चढे दिले असते. ती बाहेर बघत होती.

"नसतं निघालं," ती म्हणाली. "बरोबर हाये तुमचं. पन थांबा. घाई कायची हाये आता?"

गोवर्धनने गाडी बाजूला घेतली. एका बाभळीजवळ. चावी फिरवली. गाडी बंद झाल्यावर आतलं पाणी उकळताना ऐकू येत होतं, चुलीवरच्या भांड्यासारखं.

ज्याच्या हातात गाडी त्याच्या कानावर तसली बातमी घालायची नाही, हा त्याच्याच घरातला नेम. फुलांचा टेम्पो चालवायचा तेव्हा त्यानेच घालून दिलेला. माणिकबाईचा भाऊ गेला तेव्हा त्याने जीपच्या ड्रायव्हरलासुद्धा कळू दिलं नव्हतं, तिला तर नाहीच. रस्ताभर तिच्याशी कपाशीच्या भावावर बोलत राहिला होता.

तो मागे वळला नाही. आरशातून त्याची नजर खाली, तिच्या पायाशी गेली. पिशवीच्या तोंडातून हिरव्या कापडाची घडी दिसत होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बांगड्यांचं लहानसं पुडकं.

आक्का सवाष्ण होती. तिचे यजमान पुंजाजी भाऊजी हातपाय आखडून का होईना, अजून होते. सवाष्णीच्या अंगावर शेवटी माहेरचं हिरवं लुगडं पडावं लागतं. ते येईस्तोवर उचलत नाहीत.

"कवा?" त्याने विचारलं.

"तुमी नयावर होते तवा. इपुलचा फोन आला."

"काय म्हनला?"

"गेल्या म्हनला. मामाले सांगू नका, गाडीवर हायेत म्हनला. पोचस्तोवर ठेवतो म्हनला." तिचा आवाज इथे फुटला. "अकोल्यात कुठी शोधत फिरलो असतो आपन? म्हनून इथंच घेतलं. मले काई सुधरत नव्हतं जी."

रस्त्याने एक ट्रक गेला. गाडी हलली आणि स्थिर झाली.

"काठ मोठा असन," गोवर्धन म्हणाला. "दुकानदार मोठ्या काठाचेच गयात मारते. आक्काले मोठा काठ आवडत नाई. टोचते म्हनते."

"लहान काठाचंच घेतलं. मले मालूम नाई काय? मोठ्या काठाचं नेसवू देईन मी त्याइले?"

मघा आपण काय बोललो ते तेव्हा त्याला आठवलं. तो दार उघडून उतरला आणि तिच्या बाजूच्या खिडकीपाशी येऊन नुसता उभा राहिला. तिने वर बघितलं नाही, हात मात्र काचेवर ठेवला. काच दोघांच्या मध्ये तशीच होती.

मग त्याने डिकीतून पाण्याची कॅन काढली. बॉनेटकडे जाता जाता तो थांबला, मागचं दार उघडलं, ओंजळीत पाणी घेऊन टोपलीवर शिंपडलं. पाकळ्या ओल्या झाल्या. पुन्हा एक ओंजळ. उरलेलं पाणी झाकण निवल्यावर गाडीला.

बसल्यावर त्याने कीर्तनाचं बटण दाबलं. जिथे बंद केलं होतं तिथूनच सुरू झालं. महाराजांनी नाव घेतलं. टाळकरी उचलणार, त्याच्या अर्धी मात्रा आधी तो आवाज निघाला.

"आगाऊ माय माही," गोवर्धन पुटपुटला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. माणिकबाईने त्याला रडू दिलं.

अकोल्यापर्यंत दिवा आणखी काही वेळा लागला. प्रत्येक वेळी तो थांबला. इंजिन निवण्याची वाट बघितली आणि प्रत्येक वेळी आधी फुलांवर पाणी शिंपडलं, मग गाडीत टाकलं. मोर्णेचा पूल त्यांनी सावकाश ओलांडला. जुन्या शहराच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती, पांढऱ्या टोप्या, भजनी मंडळाची. कोणी हाक मारली नाही. गाडीला वाट करून दिली.

गाडी थांबली. गोवर्धन हात स्टिअरिंगवर ठेवून तसाच बसून राहिला. लोक वाट बघत होते. तो हलेना.

माणिकबाई उतरून पुढे आली. तिने दार उघडलं आणि त्याच्या दंडाला हलकेच चिमटा काढला.

"उठा," ती म्हणाली.

तो उठला. टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागला. मागून ती, हिरवी घडी छातीशी धरून. बाया बाजूला सरल्या. फुलं ओली होती, नुकतीच तोडल्यासारखी.